ताईआजीच्या छातीतली तार

ऐका पोरांनो, ही गोष्ट ताईआजीपासून सुरू करायची नाही. ती सुरू होते जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या एका इवल्या प्राण्यापासून. त्याचं नाव मोल, आपल्या चिचुंद्रीचा दूरचा भाऊबंद. इंग्लंडात केंट परगण्यात ब्रेडगर नावाचं खेडं आहे. १९०६ सालच्या उन्हाळ्यात तिथल्या एका घरात मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होता, आणि भिंगाखाली होता मोलच्या हृदयाचा एक पातळ काप. घराचे मालक आर्थर कीथ बायकोबरोबर सायकलवरून फिरायला गेले होते. ते परतले तेव्हा फ्लॅकने त्यांना आपल्याला काय सापडलं ते दाखवलं. डोक्याकडून येणारी मोठी शीर, जिला वरची महाशीर म्हणतात, ती हृदयाच्या उजव्या कर्णिकेला जिथे मिळते, नेमकी त्या सांध्यात वेगळ्याच पेशींची एक गाठ होती. पुढच्याच वर्षी, १९०७ साली, दोघांनी ते छापून जगापुढे ठेवलं. आपल्या प्रत्येकाच्या हृदयाचा ठोका त्याच जागी जन्मतो.

त्या गाठीला मेंदूने हुकूम द्यावा लागत नाही, बरं का. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून क्षारांच्या योग्य पाण्यात ठेवलं तरी ते बराच वेळ धडधडत राहतं. एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवतात तेव्हा जुन्या मज्जातंतूंचे सगळे धागे कापलेले असतात, तरी ते नव्या घरात आपलं आपण चालू लागतं. गाठीतल्या पेशी आपोआप विजेने भरतात, रित्या होतात, पुन्हा भरतात. मिनिटाला सत्तर वेळा धरा, म्हणजे दिवसाला एक लाख ठोके. तुम्ही झोपता, परीक्षेत नापास होता, आंबे खाता, ती मात्र एक मिनिटही सुट्टी घेत नाही.

तिथे निघालेली वीज वरच्या दोन कप्प्यांतून, म्हणजे कर्णिकांतून, पसरते आणि खालच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे जवनिकांच्या, उंबरठ्यावर येऊन क्षणभर थांबते. तिथे दुसरी गाठ आहे. सुनाओ तवारा नावाच्या जपानी संशोधकाने जर्मनीत मारबुर्गला राहून ती शोधली, तीही १९०६ सालीच. पुढे एक बारीक दोर, त्याच्या दोन फांद्या, आणि मग सगळ्या स्नायूभर धागे. ही वाट कुठे तुटली की वरचे कप्पे आपल्या तालात चालतात आणि खालचे कसेबसे मिनिटाला तीसचाळीस ठोके देत राहतात. मेंदूला रक्त पुरत नाही, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. ताईआजी तुळशीला पाणी घालताना पडली ती पाय घसरून नाही. तिची ती वाट तुटली होती, म्हणून तिच्या छातीत हृदयाला विजेचे ठोके देणारं यंत्र, पेसमेकर, बसवलं.

आता सईचा परवाचा प्रश्न. "आबा, पेसमेकर बसवलाय छातीत, मग ताईआजीला डावा हात वर का नेऊ देत नाहीत?" पेसमेकर म्हटलं की सगळे त्वचेखालच्या त्या चपट्या डबीकडे बघतात. डबी आपली निवांत बसून असते. सईच्या प्रश्नाचं उत्तर डबीतून निघून हृदयात गेलेल्या तारेत आहे. डॉक्टर तिला लीड म्हणतात. या लीडच्या अडचणींबद्दल मी जितकं वाचलं आणि विचारलं, तितकं मला एकाच गोष्टीचं नवल वाटत गेलं. तार अडते किंवा बिघडते, तेव्हा बहुतेक वेळा शरीर काही वावगं वागलेलं नसतं. ते आपलं नेहमीचंच काम चोख करत असतं, आणि तार नेमकी त्या कामाच्या आड आलेली असते.

सुरुवातीला तर छाती उघडूनच तार हृदयाला शिवत. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनच्या कारोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग या सर्जनने आर्ने लार्सन नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला जगातला पहिला पूर्णपणे शरीराच्या आत बसणारा पेसमेकर बसवला. रूने एल्मक्विस्ट नावाच्या इंजिनियरने तो बनवला होता. रेझिन ओतायला साचा हवा होता, म्हणून त्याने बुटाच्या पॉलिशची डबी घेतली! लार्सनला दिवसातून वीस-तीस वेळा झटके येत, आणि त्याची बायको एल्से-मारी त्या दोघांच्या मागेच लागली होती की काहीही करा, पण करा. पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. लार्सनही चिवट निघाला. जन्मभरात त्याने सव्वीस पेसमेकर वापरले, सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्या मागे तो जगला आणि २००१ साली वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी गेला, तोही हृदयाने नव्हे, कॅन्सरने.

पण प्रत्येकाची छाती कोण उघडणार? १९५८ सालच्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन या तरुण डॉक्टरने दुसरी वाट धरली. हाताच्या शिरेतून तार आत सरकवायची आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर हृदयात पोचवायची. त्याच्या एका म्हाताऱ्या रुग्णाचं हृदय या तारेवर शहाण्णव दिवस चाललं. यंत्र बाहेर ढकलगाडीवर असायचं आणि भिंतीतल्या विजेवर चालायचं, त्यामुळे लांबलचक वायर ओढत तो गृहस्थ दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायचा. शिरेतून हृदयात जाता येतं हे त्याआधी, १९२९ सालीच, वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टरने दाखवून दिलं होतं. वरिष्ठांनी नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेत नळी घातली, ती पासष्ट सेंटिमीटर आत सरकवली आणि तसाच जिना उतरून एक्स-रे काढायला गेला. असलं काही तुम्ही करायचं नाही. त्याला पुढे नोबेल मिळालं, ते सत्तावीस वर्षांनी.

ताईआजीच्या ऑपरेशनआधी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नमुन्याची एक लीड हातात दिली होती. लांबी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, आणि इतकी लवचीक की तळहातावर ठेवली तर आपोआप वळते. वरून सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन यांचं आवरण. आतली तार सरळ नसते, ती सगळी वेटोळ्यांची असते, म्हणजे वाकताना ताण एका जागी न पडता सगळीकडे वाटला जातो. एका टोकाला बारीक पिन. डॉक्टर म्हणाले, "ही पिन फिरवत राहा आणि दुसऱ्या टोकाकडे बघा." मी फिरवत राहिलो. थोडा वेळ काहीच नाही. मग पुढच्या टोकातून चमकता, सुईसारखा अणकुचीदार स्क्रू हळूच बाहेर आला, दीड-दोन मिलिमीटर. तोच हृदयाच्या स्नायूत रोवायचा. मी तो बोटाच्या टोकाला लावून पाहिला आणि पटकन हात मागे घेतला.

आता तार आत जाते कशी? गळ्याखाली हे आडवं हाड आहे ना, हात लावून बघा, ही हंसळी. तिच्याखालून हाताची मोठी शीर छातीत शिरते. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती देतात, माणूस जागा असतो. डॉक्टर सुई घालून शीर शोधतात, आणि पहिली धास्ती इथेच असते. आपल्याला वाटतं फुप्फुसं छातीच्या पिंजऱ्यात बंद आहेत. तसं नाही. फुप्फुसाचा शेंडा पहिल्या बरगडीच्याही वर, हंसळीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर डोकावतो. शीर आणि शेंडा अगदी शेजारी.

आणि फुप्फुस फुगलेलं राहतं ते कशामुळे, ठाऊक आहे? ते रबरासारखं आत आक्रसायला बघत असतं, छातीची भिंत बाहेर जायला बघत असते, आणि दोघांच्या मधल्या फटीत दाब हवेहून कमी असतो. त्या कमी दाबानेच फुप्फुस भिंतीला धरून राहतं, जन्मल्यापासून मरेपर्यंत. सुईचं टोक तिथे लागलं की त्या फटीत हवा शिरते, पकड सुटते, आणि फुप्फुस आपल्या स्वभावाप्रमाणे आक्रसतं. शंभरात साधारण एकाला असं होतं. थोडी हवा असेल तर शरीर ती स्वतःच शोषून घेतं, जास्त असेल तर बरगड्यांमधून नळी घालून काढावी लागते. म्हणून आता बरेच डॉक्टर काखेकडच्या शिरेत सोनोग्राफीने बघत सुई घालतात, किंवा खांद्याजवळची एक छोटी शीर चिरा देऊन डोळ्यांनी बघून उघडतात. तिथे सुई आंधळेपणाने खुपसावी लागतच नाही. माझ्या मते हा दुसरा रस्ता थोडा वेळखाऊ असला तरी त्यावर घालवलेली दहा मिनिटं सार्थकी लागतात.

शिरेत शिरल्यावर तार डावीकडून उजवीकडे वळते आणि वरच्या महाशिरेतून खाली उतरते. म्हणजे फ्लॅकला जी गाठ दिसली, तिच्या दारावरूनच ती आत जाते. पण कधीकधी एक्स-रेच्या पडद्यावर तार उजवीकडे वळतच नाही, डावीकडेच सरळ खाली उतरते. आईच्या पोटात असताना आपल्या सगळ्यांना डाव्या बाजूलाही एक महाशीर असते. जन्माआधीच ती मिटून जाते आणि तिच्या जागी एक धागा उरतो. दोनतीनशे माणसांत एखाद्याची ती मिटत नाही. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो, कारण तिचा काही त्रास नसतो. सत्तराव्या वर्षी पेसमेकर बसवताना टेबलावरच कळतं की गर्भातली ती शीर अजून नांदते आहे! मग तार हृदयाच्या मागच्या शिरेतून वळसा घेत न्यावी लागते, नाहीतर सगळं उजव्या बाजूने पुन्हा मांडावं लागतं.

आता उजवी जवनिका. वाळलेलं घोसाळं सोलल्यावर आत कशी जाळी दिसते? उजव्या जवनिकेची आतली बाजू तशीच स्नायूंच्या दोऱ्यांनी विणलेली असते. जुन्या धाटणीच्या लीडच्या टोकाला रबराचे छोटे दाते असत, ते त्या जाळीत अडकून राहत. कर्णिकेची भिंत मात्र बरीचशी गुळगुळीत, म्हणून तिथली तार जास्त निसटते. स्क्रूची लीड कुठेही रोवता येते. स्क्रू आत गेला की टोचलेल्या पेशींतून विद्युतभार गळू लागतो आणि ठोके दाखवणाऱ्या पडद्यावरची रेघ एकदम वर उचलली जाते. तिला जखमेचा प्रवाह म्हणतात. आपण घाबरू, डॉक्टर मात्र खूश होतात, कारण जखम दिसली म्हणजे पकड बसली. रेघ उचललीच नाही तर स्क्रू काढून दुसरी जागा बघतात.

पण उजव्या जवनिकेची भिंत फार जाड नाही. तीन-चार मिलिमीटर, टोकाशी कुठे कुठे त्याहूनही कमी. डावीसारखं सगळ्या अंगाला रक्त ढकलायचं काम तिला नाही, शेजारच्या फुप्फुसांपुरतंच आहे, म्हणून निसर्गाने तिला तेवढीच जाडी दिली. स्क्रू जास्त फिरला, किंवा म्हातारपणी भिंत विरविरीत झालेली असली, तर तार आरपार जाते. शंभरात एकापेक्षाही कमी वेळा होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेततं. हृदयाभोवती एक चिवट पिशवी असते, हृदयावरण. त्यात रक्त सावकाश, महिनोन्महिने साचलं तर ती ताणत ताणत लिटरभरही सामावून घेते. तेच रक्त काही मिनिटांत साचलं तर पाव लिटरच्या आतच हृदय आवळलं जातं. पिशवी अशी चिवट असते ती हृदय एकाएकी फुगून ताणलं जाऊ नये म्हणून, आणि त्याच चिवटपणाने ती इथे हृदयाला दाबते. अशा वेळी छातीच्या मधल्या हाडाखालून सुई घालून रक्त काढतात, आणि रुग्ण डोळ्यांदेखत सावरतो.

डॉक्टर आणखी एक गंमत करतात. तार बसली की मुद्दाम दहा व्होल्टचा जोरदार ठोका देऊन बघतात आणि पोटावर हात ठेवतात. श्वासपटलाला हलवणाऱ्या दोन नसा मानेतून निघून हृदयावरणाला लगटूनच खाली जातात. तार त्यांच्या फार जवळ बसली तर प्रत्येक ठोक्याला श्वासपटलही उडी मारतं. घरी गेल्यावर माणसाला रात्रंदिवस उचक्या लागतील, त्यापेक्षा टेबलावरच कळलेलं बरं.

आता सई, तुझा हात. स्क्रू रोवला तरी पहिले काही आठवडे तार फक्त तेवढ्या आधारावर असते, आणि तिच्याखालची जमीन मिनिटाला सत्तर वेळा हलते. खांद्याच्या वर हात नेला की शीर ताणली जाते, तार ओढली जाते, टोक निसटू शकतं. शंभरातल्या दोनतीन तारा अशा जागच्या हलतात, त्या बहुतेक याच दिवसांत. मग तार पक्की कशाने होते? शरीरानेच. परकी वस्तू टोचली की तिथे आधी सूज येते, पेशी धावून येतात, आणि हळूहळू तिच्याभोवती तंतूंचं कवच विणतात. हेच कवच तारेला भिंतीशी शिवून टाकतं. सर्जनने घातलेला एकही टाका हृदयात नसतो.

पण या शिवणीची किंमत असते. कवच विजेच्या ठोक्याला उत्तर देत नाही. टोक आणि जिवंत स्नायू यांच्यात अंतर पडतं, आणि पूर्वी कमी जोराच्या ज्या ठोक्याला हृदय उत्तर द्यायचं, त्याला ते दोन-चार आठवड्यांनी देईनासं व्हायचं. मग कुणाला तरी सुचलं की टोकातच स्टेरॉइडचा थेंबभर साठा ठेवावा, एक मिलिग्रॅमहूनही कमी. तो हळूहळू पाझरतो आणि फक्त टोकापाशी सूज निवळते. १९८० च्या दशकात अशा लीड आल्या आणि पेसमेकरच्या बॅटरीचं आयुष्य वाढलं. मला सगळ्या इतिहासात ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात शरीराला पूर्ण थांबवलेलं नाही. सूज थोडी यायला हवी, नाहीतर शिवण बसणार नाही. ती फार यायला नको, नाहीतर ठोका स्नायूपर्यंत पुरेसा पोचणार नाही.

ताईआजीने हात वर न नेण्याची सूचना जरा जास्तच मनावर घेतली होती. हात छातीला बांधून ती बसून राहायची, वेणीसुद्धा सुनेकडून घालून घ्यायची. तपासणीला गेल्यावर डॉक्टर रागावले, कारण खांदा अगदीच हलवला नाही तर तो आखडतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. मनगट, कोपर हलवायचं, हात खांद्याइतका उचलायचा. फक्त वरच्या फळीवरचा डबा काढायचा नाही, दोरीवर धुणं टाकायचं नाही, आणि सहा आठवडे तांदळाची गोणी उचलायची नाही.

तिच्या टाक्यांजवळ आधी काळीनिळी सूज आली होती, तेव्हा शेजारच्या काकूंनी सुचवलं की सुई टोचून रक्त काढून घ्या. नाही! ते कधीच करायचं नाही. साचलेलं रक्त शरीर स्वतः जिरवतं, सुईबरोबर मात्र त्वचेवरचे जंतू थेट डबीपर्यंत पोचतात. या सुजेबद्दल एक उलटंच सत्य बाहेर आलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पूर्वी ऑपरेशनआधी त्या थांबवून हेपॅरिनची इंजेक्शनं देत. २०१३ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी दोन्ही रीती ताडून पाहिल्या. गोळ्या थांबवून इंजेक्शनं दिलेल्यांत १६ टक्के लोकांना मोठी सूज आली, आणि वॉरफरिनची गोळी चालूच ठेवलेल्यांत फक्त ३.५ टक्क्यांना. गोळी चालू असते तेव्हा रक्त कुठून झिरपतंय ते टेबलावरच दिसतं आणि तिथल्या तिथे थांबवता येतं, असा एक तर्क त्यामागे आहे. म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

जंतू खरंच आत पोचले तर? आपल्या त्वचेवर राहणारे साधे जंतूच ते, एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. पण तारेच्या आवरणावर त्यांना निवांत जागा सापडते. आवरणाला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, म्हणून लढाऊ पेशींना तिथे नीट लढता येत नाही. ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्यात औषधाचं फारसं चालत नाही. मग कितीही अँटिबायोटिक द्या, ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. डबी आणि तार, दोन्ही बाहेर काढण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून चिरा देण्याच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा डोस शिरेतून देतात. ती वेळ पाळणं फार महत्त्वाचं आहे. ऑपरेशननंतर पाच दिवस गोळ्या खाल्ल्याने तो एक तास भरून येत नाही.

ओंकार, तू ताईआजीच्या छातीवरची डबी बोटाने हलवून बघत होतास ना? १९६८ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापली. ती व्यक्ती त्वचेखालची डबी नकळत गोल गोल फिरवत राहायची. तार डबीभोवती गुंडाळत गेली आणि अखेर हृदयातून ओढली जाऊन बाहेर आली. डॉक्टरांच्या पुस्तकांत त्या सवयीला आता स्वतंत्र नाव आहे. तेव्हा बोट लांब ठेव.

इथवरच्या अडचणी बहुतेक पहिल्या काही महिन्यांतल्या. पुढे तारेचं आयुष्य सुरू होतं, आणि ते फार कष्टाचं असतं. दिवसाला एक लाख वेळा वाकणं, म्हणजे दहा वर्षांत छत्तीस कोटींहून जास्त वेळा. कोबाल्ट, निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा मिश्र धातू त्यासाठी वापरतात. हृदयाच्या हालचालीपेक्षाही तारेचा घात करतो तो हंसळी आणि पहिली बरगडी यांच्यामधला चिमटा. शीर फार आतल्या बाजूने धरली असेल तर हात हलला की दोन हाडं तारेला दाबतात. वर्षानुवर्षं. आधी आवरण फाटतं, मग तार तुटते. दुसरीकडे शरीराच्या भक्षक पेशी तारेला चिकटून असतात. त्यांना तार गिळता येत नाही, म्हणून त्या तिच्यावर पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्यं सोडत राहतात, आणि मऊ पॉलियुरेथेनला वर्षांनी बारीक चिरा जातात. परक्याला मोडून टाकायचं हे त्यांचं जन्माचं काम आहे, त्यात त्या ढिलाई करत नाहीत.

हृदय बेभान धडधडू लागलं तर आतून शॉक देणारी यंत्रंही असतात. त्यांच्या तारांत आणखी गुंतागुंत. २००७ सालच्या ऑक्टोबरात मेडट्रॉनिक कंपनीने स्प्रिंट फिडेलिस नावाची बारीक लीड बाजारातून मागे घेतली. जगभरात सुमारे २ लाख ६८ हजार बसवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या काहींच्या आतली तार तुटायची, तुटलेली टोकं एकमेकांना घासून विजेचा खरखराट करायची, आणि यंत्राला वाटायचं हृदयच बेभान झालंय. मग ते धडधाकट, जाग्या माणसाला शॉक द्यायचं, कधी लागोपाठ अनेक. लोक घराबाहेर पडायला घाबरू लागले. तार बारीक करण्याची हौस वाईट नव्हती, बारीक तार शिरेत कमी जागा घेते. पण बारीकपणाची परीक्षा छत्तीस कोटी वाकण्यांनी व्हायला हवी होती, ती माणसांच्या छातीत झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

"मग तार काढून नवी घालायची!" ओंकार म्हणतो. पहिल्या वर्षात बहुधा नुसती ओढून निघते. त्यानंतर ते कवच फक्त टोकापाशी राहत नाही. जिथे जिथे तार शिरेच्या भिंतीला टेकते, झडपेच्या पाकळीला घासते, तिथे शरीर तिला बांधून टाकतं. कधी झडपेची पाकळीच तारेला चिकटते आणि झडप नीट मिटत नाही. ओढली तर तारेबरोबर महाशीर फाटायची भीती, आणि ती फाटली तर हातात मिनिटं उरतात. १९६० च्या दशकात तारेला बाहेरून कप्पीवर वजन टांगून दिवसेंदिवस हळूहळू ओढत ठेवत! नव्वदच्या दशकात लेसर आला. तारेवरून एक पोकळ नळी सरकवायची, तिच्या कडेवरून अतिनील प्रकाश सोडायचा, आणि तो कवच तसूतसूने विरघळवत पुढे जातो. तरीही हे काम करताना छाती उघडू शकणारा सर्जन त्याच इमारतीत तयार हवा. म्हणून जुनी तार निकामी झाली पण जंतू नाहीत, तर कित्येकदा तिचं तोंड बंद करून तिला तिथेच राहू देतात आणि शेजारून नवी घालतात.

काही लोकांनी तार बसवायची जागाच बदलली. जवनिकेच्या टोकाला ठोका दिला की वीज निसर्गाच्या वाटेने न जाता स्नायूतून रांगत जाते, आणि वर्षांनी काहींचं हृदय थकतं. २००० साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तार थेट दुसऱ्या गाठीपुढच्या त्या बारीक दोरालाच लावून दाखवली, म्हणजे पुढचा प्रवास निसर्गाच्याच धाग्यांतून. दोर फार छोटा, शोधायला अवघड, आणि वीजही बरेचदा जास्त लागते. २०१७ साली चीनमधल्या वेंझौचे डॉ. हुआंग वेइजियान यांनी तार दोन जवनिकांच्या मधल्या पडद्यात खोल रोवून दोराची डावी फांदी गाठली. आता ही रीत झपाट्याने पसरते आहे. तिची अडचणही नवी आहे. स्क्रू पडदा ओलांडून डाव्या जवनिकेत डोकावू शकतो.

आणि काहींनी तारच काढून टाकली. डिसेंबर २०१२ मध्ये प्राग शहरात मांडीच्या शिरेतून एक कॅप्सूल उजव्या जवनिकेत नेऊन बसवली. बॅटरी, मेंदू, टोक सगळं त्या कॅप्सूलीत. हंसळीखाली चिरा नाही, फुप्फुसाची भीती नाही, डबी फिरवायचा प्रश्न नाही. मात्र भिंतीच्या आरपार जायची भीती तिलाही आहे. आणि शरीर तिलाही सोडत नाही. काही महिन्यांत तिच्यावरही तंतूंची चादर चढते, त्यामुळे बॅटरी संपल्यावर कॅप्सूल कित्येकदा आतच ठेवून शेजारी दुसरी बसवायचा विचार होतो. म्हणून तरुण माणसाला ती द्यावी की नाही, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही.

२०२३ साली अमेरिकेत दोन कॅप्सूलींची जोडी मंजूर झाली, एक कर्णिकेत आणि एक जवनिकेत. दोघींनी एकमेकींना ठोक्याची वेळ कळवायला हवी, आणि मधे तार तर नाही. प्रत्येक ठोक्याला एक कॅप्सूल विजेचे अगदी क्षीण संकेत सोडते, ते रक्तातून आणि स्नायूतून वाहत दुसरीपर्यंत जातात. स्नायू आकुंचन पावेल एवढा जोर त्यांत नसतो, म्हणून हृदयाला त्यांचा पत्ता लागत नाही, पण दुसऱ्या कॅप्सूलीला ते ऐकू येतात. कर्णिकेतली कॅप्सूल मात्र कधीकधी निसटते. तिथली भिंत पातळ आहे, जाळीही कमी, आणि ती बसवणाऱ्या हातांना अजून सराव व्हायचा आहे.